सामाईक भिंतीतून आरपार

संपादक महाशयांनी या अंकासाठी ‘भिंतींना भोके पाडताना आलेले गमतीदार अनुभव’ लिहून पाठवावेत, असे मला कळवले. त्यांच्या सौजन्याबद्दल आभार मानून त्या वाक्यातील दोन शब्दांना मी येथेच हरकत नोंदवतो. पहिला शब्द ‘भोके’. भोक उंदीर पाडतो, वाळवी पाडते. मी छिद्र घेतो. छिद्राला जागा असते, खोली असते, व्यास असतो आणि प्रयोजन असते. दुसरा शब्द ‘गमतीदार’. ज्याच्या न्हाणीघरात पाण्याने भरलेला गिझर डोक्याच्या वर टांगलेला आहे, त्या गृहस्थाने तरी या कामात गंमत शोधू नये.

एवढे स्पष्ट झाल्यावर लिहायला माझी ना नाही.

माझे कामाचे आयुष्य नांदेड आणि लातूर या दोन शहरांतल्या भिंतींशी झगडण्यात गेले. कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. घरच्या परिस्थितीमुळे ते शिक्षण सुटले आणि नांदेडच्या एका दुकानात, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वस्तू बसवून देणारा कारागीर म्हणून मी लागलो. वर्ग सुटला, कायदा सुटला नाही. दिवसा भिंतीशी आणि संध्याकाळी टपालाशी, असा माझा क्रम राहिला. महानगरपालिका, बांधकाम ठेकेदार, उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या, या सर्वांना मी वेळोवेळी पत्रे लिहिली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी ती वाचल्याचा कोणताही पुरावा दिलेला नाही.

लोकांचा समज असा, की भिंत म्हणजे भिंत. रंगाच्या वरून पाहिले तर तो खराही वाटतो. रंगाच्या खाली मात्र प्रत्येक भिंतीचा स्वभाव निराळा. नांदेडच्या जुन्या वस्तीत चुन्यात बांधलेल्या विटा आहेत. त्या शांत असतात, ड्रिलच्या बिटाला वाट देतात आणि गिट्टी, म्हणजे ज्यात स्क्रू आवळला जातो ती प्लास्टिकची नळी, घट्ट धरून ठेवतात. नव्या वसाहतींत चार इंची भिंती आहेत. त्यांत कुठे पोकळ ठोकळे, कुठे पावासारखे हलके पांढरे ठोकळे. आणि लातूरच्या जुन्या गल्ल्यांत काळा दगड व पांढरी माती. तिथे बिट दगडावर नाचते, मग घसरून दोन दगडांमधल्या मातीत शिरते आणि एकदम आत जाते. नवख्याला वाटते, काम झाले. काम झालेले नसते, बिघडलेले असते. कारण मातीत गिट्टी धरत नाही.

म्हणून मी आधी भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकतो. मग बारीक बिटाने चाचणीचे छिद्र घेतो आणि खाली कागदाची घडी धरून पडणारी भुकटी पाहतो. तांबडी आली तर वीट, पांढरी आली तर चुना, राखाडी आली तर सिमेंट. ओलसर आली, तर मशीन तात्काळ बंद. जवळपास पाण्याची नळी आहे आणि ती कुठून गेली आहे हे घरमालकाला ठाऊक नाही. ठेकेदाराला ठाऊक होते, पण त्याने सांगितले नाही. विजेची तार भिंतीत उभी किंवा आडवी न्यावी, हा साधा नियम. आमच्याकडे तार वाचवायची म्हणून ती तिरपी नेतात आणि वर गिलावा करून मोकळे होतात. प्रत्येक घराच्या ताब्याबरोबर भिंतीतल्या तारांचा आणि नळ्यांचा नकाशा द्यावा, अशी मागणी मी आजवर इतक्या ठिकाणी केली आहे की माझे अक्षर पाहूनच पाकीट बाजूला ठेवणारे कारकून मला माहीत आहेत. तरीही नमूद करतो, की माझ्या हातून कधी नळी फुटली नाही आणि तार तुटली नाही. यात नशिबाचा भाग मी मान्य करत नाही.

गिऱ्हाइकांचा स्वभाव भिंतीपेक्षा अवघड. नांदेडात एका बाईंनी दिवाणखान्यात तसबीर लावायला बोलावले. त्यांनी दाखवलेल्या जागी मी छिद्र घेतले, गिट्टी बसवली, तसबीर टांगली. त्या चार पावले मागे गेल्या, मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाल्या, “भाऊ, जरासं डावीकडं सरकवता का?”

“तसबीर?”

“न्हाई हो, ते भोक.”

त्या दिवसापासून मी घरमालकाच्या हातात पेन्सिल देतो. फुली त्यांनी मारायची आणि फुलीशेजारी आद्याक्षरे त्यांनीच घालायची. काही जण हसतात, काही चिडतात. भोकरचे एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या सोयरिकीतसुद्धा एवढी लिखापढी झाली न्हाई.” मी म्हणालो, “सोयरीक मोडता येते, छिद्र मोडता येत नाही.” त्यांनी मुकाट्याने आद्याक्षरे घातली.

कंपन्यांचा मासला सांगतो. एका गिझरच्या माहितीपुस्तिकेत ‘कोणत्याही भिंतीवर बसवता येतो’ असे छापलेले होते. नायगावच्या एका घरी तो पोकळ ठोकळ्यांच्या चार इंची भिंतीवर बसवायला मी नकार दिला, तेव्हा घरधनी ते वाक्य बोटाने दाखवत राहिले. त्यांचे चुकत नव्हते. छापणाऱ्याचे चुकत होते. मी कंपनीला लिहिले. उत्तर आले, की आमच्या उत्पादनात रस घेतल्याबद्दल धन्यवाद. मी पुन्हा लिहिले, की मला रस नसून राग आहे. ग्राहक कायद्याच्या आधारे, दिशाभूल करणारे विधान काढून टाकण्याची मागणी केली आणि पोच मागितली. पुढे नव्या पुस्तिकेत ‘भिंतीची क्षमता तपासून’ असे तीन शब्द वाढलेले आढळले. ते माझेच आहेत असा माझा दावा आहे आणि तो आजवर कोणी खोडलेला नाही.

परंतु ज्या कामासाठी मी हा लेख लिहायला बसलो, ते लातूरचे आहे.

तिथल्या एका गल्लीतल्या जुन्या घरातून मला बोलावणे आले. बोलावणारा महेश बँकेत नोकरीला. त्याचे वडील निवृत्त शिक्षक. अख्खी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, मीही तसेच म्हणेन. गुरुजींची डावी बाजू पक्षाघाताने गेली होती. उजवा हात मजबूत होता, बुद्धी पूर्ण शाबूत होती, बोलणे थोडे जड झाले होते. गुरुजींच्या पत्नी हयात नव्हत्या. शौचालयात बसवायला आणि उठवायला मुलगा, आणि मुलगा कामावर असेल तेव्हा सून. तक्रार कोणाचीच नव्हती. पण महेशने मला दाराबाहेर नेऊन वडिलांबद्दल हळूच सांगितले, “दादांनी पाणी प्यायचं सोडलंय. विचारलं की म्हणतात, तहान नाही. मला समजत नाही का, कामून तहान नाही ते?”

शौचालयात भिंतीला एक पोलादी दांडा हवा होता. उजव्या हाताने धरून स्वतः उठता येईल असा. जमिनीवर ठेवायची चौकट त्यांनी आणून पाहिली होती. जुन्या फरशीवर ती डगमगली आणि गुरुजी तिच्यासकट कलंडले होते. त्या शौचालयाच्या तीन भिंती नंतर घातलेल्या, पातळ. माणसाचे वजन पेलेल अशी भिंत एकच, उजव्या हाताची. जाड, काळ्या दगडाची.

मी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकायला गेलो, तोच महेश म्हणाला, “एक सांगायचं राहिलं. ही भिंत सामाईक आहे. पलीकडं आक्का राहतात. आमचा त्यांच्याशी दावा चालू आहे.”

“कशाबद्दल?”

“माळवदाच्या पन्हाळीचं पाणी. पण त्यात भिंतसुद्धा आली. कोर्टानं ‘जैसे थे’ ठेवायला सांगितलंय.”

मी हातोडी पिशवीत ठेवली.

महेश कळवळून म्हणाला, “दुपारी त्या देवळात जातात. तेवढ्यात उरकून घेऊ. कोण बघतंय?”

“मी बघतो आहे,” मी म्हणालो.

आतून गुरुजींचा जड आवाज आला, “महेश... बरोबर बोलतात ते. हुकूम... आपल्यालाही आहे.”

वाचकांसाठी खुलासा करतो. ‘जैसे थे’ म्हणजे दावा निकाली निघेपर्यंत कोणत्याही पक्षाने मिळकतीत फेरफार करायचा नाही. भिंत पडू द्यावी, असा त्याचा अर्थ नाही. दोन्ही पक्षांची संमती असेल, तर दुरुस्तीपुरती परवानगी न्यायालयाकडे मागता येते. पण या दोन्ही घरांनी हुकूम असा काही धरून ठेवला होता, की वर्षानुवर्षे त्या भिंतीला कोणी खिळा मारला नव्हता, गिलाव्याचा हात लावला नव्हता, उंदराचे बीळसुद्धा बुजवले नव्हते. जो आधी हात लावील तो हरला, अशी दोघांची समजूत.

मी तडक शेजारच्या दारात गेलो. वाटेत बोलणे जुळवून ठेवले होते. एका अपंग माणसाचा हक्क, सहहिस्सेदाराचे कर्तव्य, आणि शेवटी दोन कडक वाक्ये. आक्का ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. चाकूरकडच्या शेतकरी घराण्यातल्या, नवरा वारलेला, मुलगा गावाकडे शेतीवर. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, “या. बसा. पानी घ्या. आन् मंग भांडा.”

मी पाणी घेतले आणि भांडलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कायद्याच्या कलमांसह. मग सूप खाली ठेवले.

“गुरुजी उठावं, आसं मला वाटत न्हाई व्हय? माझ्या दोन लेकरांला त्यांनीच शिकवलं. पर तुमी इकडं या जरा.”

त्यांनी मला आतल्या खोलीत नेले. त्याच भिंतीला लागून गोधड्यांची चळत होती. ती त्यांनी बाजूला सारली. भिंतीला पोट आले होते. मी ओळंबा लावून पाहिला. डोळ्यांना दिसत होते त्यापेक्षा ते अधिक होते.

“हे पोट माझ्याकडंच आलंय. गुरुजीकडनं भित सपाट हाय. उद्या तुमी मशिनीनं धडधड केलं, तर दगूड कुणाच्या अंगावर येतील? माझी खाट हितं हाय.” मग म्हणाल्या, “भूकंपात माझी थोरली बहीण भितीखालीच गेली. दगूड पडायचा आवाज मला ठाव हाय. तुमचं कलम न्हाई ठाव.”

माझा राग तिथेच शमला, असे लिहिले तर खोटे होईल. तो दुसरीकडे वळला. एका घरात माणूस तहान मारून बसला आहे, दुसऱ्या घरात बाई पोट सुटलेल्या भिंतीशेजारी झोपते आहे, आणि पन्हाळीच्या पाण्यासाठी दोघेही ‘जैसे थे’ आहेत! परत ओसरीवर येऊन मी हे एवढ्या मोठ्याने बोललो की रस्त्यावरचा भाजीवाला थांबून ऐकू लागला.

आक्का म्हणाल्या, “त्याला कामून ऐकवून राहिले? भेंडी शिळी हुईल त्याची. उपाय सांगा.”

उपाय त्या पोटातच होता. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत दोन बाजूंना दगडांचे दोन पापुद्रे असतात आणि मध्ये माती व चिपांची भर. दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड जागोजागी घालायचा असतो. ज्यांनी घातला नाही, त्यांच्या भिंती फुगतात. आता मला दांड्यासाठी जी बळकट पकड हवी होती, ती गिट्टीने मिळणार नव्हतीच. भिंतीतून आरपार पोलादी सळई न्यायची, दोन्ही बाजूंना रुंद पट्टी लावायची आणि नट आवळायचे, हाच मार्ग होता. तीच सळई आरपार दगडाचेही काम करणार होती. गुरुजींना उठायला आधार आणि आक्कांच्या पोटाला आवर, एकाच छिद्रात. दांड्याच्या दोन टोकांसाठी दोन छिद्रे, आणि पोटाच्या वरच्या अंगाला तिसरे, मी माझ्या मनाने वाढवलेले.

दोन्ही घरांनी उपाय मान्य केला. दोघांचे वकील वेगळे, त्या वकिलांना हे ऐकून आनंद झाला नाही. तरीही संमतीचा संयुक्त अर्ज गेला. मसुदा माझा होता आणि तो एका पानात बसला. परवानगी मिळाली.

कामाच्या दिवशी मी मशीनचा ठोका बंद केला. हे समजून घ्यावे. ड्रिल नुसते फिरते तेव्हा कोरते आणि ठोक्यासकट फिरते तेव्हा हादरवते. हल्लीची पोरे ठोका चालू ठेवूनच जन्माला आल्यासारखी वागतात. मातीच्या भिंतीत ठोका म्हणजे अपराध. दगडाला दगड सुटतो आणि ते तुम्हाला दिसत नाही, पलीकडच्याला दिसते. म्हणून दोन दगडांमधली सांध शोधायची, लांब पहार हाताने पिळत मातीतून पुढे न्यायची, आणि दगड आडवा आलाच तर तेवढ्यापुरते मशीन, तेही सावकाश. आणि पलीकडे एका माणसाने भिंतीवर तळहात टेकून उभे राहायचे. हादरा कानाला कळण्याआधी तळहाताला कळतो.

महेश पलीकडे जायला निघाला. आक्का दारातच म्हणाल्या, “माझ्या भितीवर माझा हात. तू बापापाशी थांब.”

शौचालयाच्या दाराशी खुर्चीवर गुरुजी. मी आत पहार पिळतो आहे. भिंतीच्या वरच्या झरोक्यातून आक्कांचा आवाज येतो आहे. आधी त्या मला उद्देशून बोलत होत्या.

“मिस्त्री, आजून काय न्हाई. चालू द्या.”

मग मशीन लावले, आणि त्या ओरडल्या, “थांबा! दगूड थरथरून राहिलाय!”

मी थांबलो. बिट बाहेर काढले, सांध बदलली. मशीनच्या आवाजाने माझे कान बधिर झाले होते, त्यामुळे त्यांचे पुढचे बोलणे मला नीट कळेना. तेव्हा खुर्चीवरून गुरुजींनी ते मला सांगायला सुरुवात केली. “आक्का म्हणतात... आता बरं आहे.” मी काही विचारले की गुरुजी झरोक्याकडे मान करून, एकेक शब्द जुळवून, मोठ्याने विचारत. “आक्का... खालचा दगड... कसा आहे?”

दावा लागल्यापासून दोन्ही घरांमधला हा पहिला प्रश्न होता, न्यायालयाबाहेरचा.

“हाय तसाच हाय, गुरुजी. तुमच्यावानी. हट्टी.”

गुरुजी हसले. हसताना त्यांचे तोंड एका बाजूला ओढले जाई, म्हणून ते हसणे टाळत, असे महेशने नंतर सांगितले. त्या वेळी त्यांनी टाळले नाही.

“पाणी... कुणाच्या पन्हाळीचं... मुरलं त्यात?” त्यांनी विचारले.

“ते कोर्टात बोलू! आता हात थरथरवू नका माझा!”

सळया पलीकडे निघाल्या. त्यांच्याभोवती नळीचे वेष्टण, चुना-सिमेंटचा पातळ माल, दोन्हीकडे पट्ट्या. आक्कांच्या बाजूचे नट मी त्यांच्या देखत आवळले. त्यांनी पान्याला स्वतः हात लावून एक आटा पुढे नेला. माल धरेपर्यंत दांड्याला कोणी स्पर्श करायचा नाही, असे मी दोन्ही घरांना बजावले आणि मधल्या दिवसांत दोनदा येऊन खात्री करून घेतली.

मग चाचणीचा दिवस. माझा नियम असा, की जे माणसाचे वजन पेलणार, त्याला आधी माझे वजन लागायचे. मी दांडा धरून दोन्ही पाय उचलले. मी सडपातळ नाही. आक्का पलीकडे भिंतीवर हात टेकून उभ्या होत्याच. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

“आक्का, काही?” मी विचारले.

“लोंबकळा आजून. काय न्हाई.”

मी खाली उतरलो. महेशने गुरुजींना आत आणून बसवले. त्याने सवयीने त्यांच्या काखेत हात घातला. गुरुजींनी तो उजव्या हाताने बाजूला केला. आम्ही दोघे दाराबाहेर आलो. गुरुजींनी मान हलवून दार लोटून घ्यायला सांगितले.

मी अनेक यंत्रे, पंखे, कपाटे, पाळणे भिंतींवर आणि छतांवर चढवले आहेत. वजन पेलले की नाही हे मी डोळ्यांनी पाहतो, आणि पाहिल्याशिवाय निघत नाही. त्या दिवशी पाहता येत नव्हते. दाराच्या या बाजूला मी आणि महेश, भिंतीच्या त्या बाजूला आक्का. आतून चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग थांबला. श्वास जोरात ओढल्याचा आवाज आला. महेशचा हात कडीकडे गेला. मी तो धरला. याबाबत माझ्यावर कोणतेही कलम लावले तरी मी तो पुन्हा धरीन.

झरोक्यातून आक्कांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

“भित हालली न्हाई. गुरुजी, उठलाव का?”

आतून जड जिभेने, पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असे उत्तर आले.

“उठलो.” आणि लगेच, “महेश, पाणी आण. प्यायला.”